चरातलं गवत

प्रिय साहेब,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं, हुरळून जाऊ नकोस. 'साहेब' मात्र मुद्दाम लिहिलंय. सकाळपासून तुझ्या ऑफिसात फोन लावतेय आणि दर वेळी ती गोड आवाजाची पोरगी सांगते, साहेब मीटिंगमध्ये आहेत. शेवटी मी म्हटलं, अगं बाई, मी साहेबांची सख्खी थोरली बहीण, लहानपणी त्यांचं नाक मी पुसलंय. तर म्हणाली, निरोप देते हं. तुझ्या मोबाइलवर माझा नंबर दिसला की तुला ऐकू येणं बंद होतं, हे तर मला ठाऊकच आहे. म्हणून हे पत्र. तुझ्या रस्ता घासायच्या ग्रेडरचा ड्रायव्हर, ज्याला सगळे पैलवान म्हणतात आणि जो फुंकर मारली तर उडेल, तो आमच्या माशांच्या हॅचरीच्या पायरीवर चहा पीत बसलाय. मशीन वर वळणावर बंद करून ठेवलंय आणि तो मोटरसायकलने तुझ्याकडेच निघालाय. हे पत्र तो तुझ्या हातात देईल, त्या पोरीच्या नाही. त्याचं म्हणणं, बाई, थोडक्यात आटपा. मी म्हटलं, तू दुसरा कप घे.

तर ऐक. परवा तुझे मोठे साहेब रस्ता बघायला येणार आहेत. कच्चा रस्ता नीट केला म्हणून ओढ्यातला गाळ थांबला, पाणी निवळलं, हे त्यांना डोळ्यांनी बघायचंय. छान. आणि त्यांना ते नीट दिसावं म्हणून तू काय केलंस? ज्या गवताने तो गाळ अडवला, तेच खरवडून काढायला मशीन पाठवलंस! काल दिवसभर वळणाच्या वरचे, रस्त्याच्या दोन्ही कडांचे चर न्हाव्याने डोकं भादरावं तसे तासून काढलेत. खाली लालभडक उघडी माती. वर रस्त्याच्या कडेने दगड मांडून त्यांना चुना फासलाय. हे माझ्या ओढ्याच्या काठावर, जिथे चिमूटभर चुना पाण्यात गेला तरी मासा उलटा होतो! अरे, बक्षीस कशाचं मिळालं तुला? गवताचं. आणि बक्षीस देणारे येणार म्हणून गवत काढलंस. तुझ्या डोक्यात भुसा भरलाय का रे? का खुर्ची मोठी झाली की डोकं आपोआप लहान होतं?

माझ्याकडे आत्ता काय आहे ते तुला माहीत नसेल, कारण तू कधी विचारतच नाहीस. ट्रेमध्ये अंडी आहेत. त्यांना डोळे आलेत. प्रत्येक दाण्यात दोन काळे ठिपके, ट्रे हलवला की ते सगळे एकदम आपल्याकडे बघतात असं वाटतं. आठवड्याच्या आत पिल्लं बाहेर पडतील. आजवर उरलेल्या म्हाताऱ्या माद्यांची ही शेवटची अंडी, त्या आता पुन्हा घालायच्या नाहीत. ओढ्याचं पाणी पाइपने टाकीत येतं, टाकीतून कापडाच्या गाळणीतून ट्रेमध्ये. थोडा गढूळपणा कापड पेलतं. पण पाण्यातून पीठ यावं तशी तुझ्या रस्त्याची बारीक माती आली की कापड चोंदतं, आणि जी आत शिरते ती अंड्यांवर पातळ सायीसारखी बसते. अंडं श्वास घेतं हे लोकांना सांगितलं तर हसतात. तू हसणार नाहीस, तुला माहीत आहे. गुदमरलेलं अंडं आधी दुधी होतं, मग त्याला बुरशी धरते, आणि ती बुरशी शेजारच्यालाही खाते. पहाटे साधी भुरभुर झाली, एवढीशी, कपडे वाळत घातले असते तर मी आतही आणले नसते. तेवढ्यात ओढा चहाच्या रंगाचा झाला. सकाळपासून मी कापडं बदलतेय. हातांची कातडी सुरकुतलीय. आणि आभाळ भरून येतंय.

ही अंडी गेली तर हॅचरीला कुलूप. हे मी चिडून बोलत नाहीये, ठरलेलं आहे. तुझे भावोजी मागची दोन वर्षं दुसऱ्याचा ट्रक चालवतात आणि म्हणतात, या खेपेला जमलं तर ठीक, नाही तर शहरात खोली बघू. आई शहरात येणार नाही म्हणते. मग कुठे जाणार ती? तुझ्याकडे? तुझ्या त्या पांढऱ्या टाइल्सवर चप्पल घालायची की काढायची हे तिला अजून उमगलेलं नाही. तू तिला मागच्या वेळी चार दिवस ठेवलंस आणि पाचव्या दिवशी गाडीने परत पोचवलंस, वर म्हणालास, तिला करमत नव्हतं. तिला करमत होतं. तुम्हाला अडचण होत होती. हे बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण आज सगळ्याच ठरावांचं मुसळ केरात गेलंय.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो माहीत आहे? तू अडाणी असतास तर मी मुकाट्याने दगडावर डोकं आपटलं असतं. पण तू जाणता आहेस. हा रस्ता तूच सुधारलास. मला आठवतं, तू गुडघ्यापर्यंत बूट घालून मुसळधार पावसात वरपासून खालपर्यंत चालत आला होतास, पाण्याच्या मागे मागे, एखाद्या चोराचा माग काढावा तसा. लोक खिडकीतून बघून म्हणत होते, पोरगा कामातून गेला. भिजून घरी आलास आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगायला लागलास. ग्रेडर दर वर्षी रस्ता घासतो आणि दोन्ही कडांना मातीचे वरंबे सोडून जातो, त्यामुळे पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही, ते बिचारं रस्त्यावरूनच धावत सुटतं, वाटेत माती खात खात येतं आणि पुलापाशी ओढ्यात ओकतं. बिचारं पाणी म्हणालास! मी टॉवेल देत होते आणि तू तो हातातच धरून बोलत होतास. पाणी जमू द्यायचं नाही, म्हणालास, थोडं थोडं करून वाटेतच झाडीत सोडून द्यायचं. आणि चरात गवत हवं. आईची चहाची गाळणी उचललीस आणि म्हणालास, गवत म्हणजे हे. आई तेव्हापासून गाळणीला 'इंजिनिअरचं गवत' म्हणते, पाहुण्यांसमोरसुद्धा.

आणि तू करून दाखवलंस. वरंबे कापलेस, पाणी दोन्हीकडे ओघळावं म्हणून रस्त्याला मधे उंच पाठ आणलीस, जागोजागी लहान मोऱ्या टाकून पाणी झाडीत वळवलंस. पुलाजवळच्या उतारावर बारीक मुरूम टाकायचा नाही, धुतलेली खडी टाकायची, म्हणून त्या कंत्राटदाराशी भांडलास. त्याने तुला वेड्यात काढलं, तू त्याला कामावरून काढलंस. चरात गवताचं बी पेरलं तेव्हा आख्ख्या गावाला विषय मिळाला, सरकार आता रस्त्यावर चारा पिकवणार म्हणून. पुढच्या पावसात मी पुलावर उभी राहिले. वरून धो धो कोसळत होतं आणि खाली ओढ्याच्या तळाचे गोटे दिसत होते. मला हुंदका आला होता, हे तुला मी कधी सांगितलं नाही. आजही सांगितलं नसतं.

मग बक्षीस आलं, फोटो आले. तुझ्या एका हातात गढूळ बाटली, दुसऱ्या हातात निवळ बाटली. ती निवळ बाटली माझ्या टाकीच्या तोंडाशी भरलेली, आता तुझ्या ऑफिसच्या काचेच्या कपाटात दिवा लावून ठेवलीय म्हणे. तू मोठा झालास. रस्त्याकडे यायचं बंद झालं, कागदावर मात्र रस्ता तुझाच. ठीक आहे, माणसं अशीच मोठी होतात. पण मोठं होताना आपण काय केलं होतं तेच विसरायचं असतं का? मोठ्या साहेबांना गवत वाढलेला चर ओंगळ दिसेल, दुर्लक्ष झाल्यासारखा दिसेल, हीच भीती ना? चकाचक चराला शाबासकी मिळते, हे तुझ्या खात्यात जन्मापासून चालत आलंय, आणि तू त्याच्याच विरुद्ध भांडून वर आलास. आणि वर आल्यावर पहिलं काम काय केलंस, तर चर चकाचक! अरे, त्यांना हाताला धरून चरात उतरवायचं होतंस. गवताच्या बुडाशी अडकलेली माती मुठीत घेऊन दाखवायची होतीस. बूट मळले असते त्यांचे, एवढंच ना?

तुझा हा रोग जुना आहे. माझी पिवळी कोंबडी आठवते? खुराड्यात अंड्यांवर बसली होती. गुरुजी घरी येणार होते आणि तुला त्यांना पिल्लं निघणारी अंडी दाखवायची होती. अंड्यांना शेण लागलं होतं, ते बरं दिसत नाही म्हणून तू कोंबडीला हुसकावलंस आणि सगळी अंडी गरम पाण्याने, साबण लावून, घासून धुतलीस. फडक्याने पुसून परत मांडून ठेवलीस, काय चकचकीत दिसत होती! गुरुजींनी तुझी पाठ थोपटली. कोंबडी नंतर कितीतरी दिवस त्या मेलेल्या अंड्यांवर बसून राहिली, उठायला तयार नव्हती. आणि आई काय म्हणाली? लेकरू आहे, त्याला एवढं कुठलं कळायला, त्याला कुणीतरी चुकीचं सांगितलं असणार. आणि घरात ते कुणीतरी म्हणजे मी सोडून दुसरं कोण होतं? मार मी खाल्ला. तू दाराआड उभा होतास आणि तुझ्या हाताला अजून साबणाचा वास येत होता. तू एक शब्द बोलला नाहीस. चुकून, घाबरून, कशामुळे ते मला माहीत नाही, पण नाही बोललास. तेव्हापासून आजतागायत आपल्या घरात असंच आहे. चांगलं झालं की तू केलंस, वाईट झालं की तुला कुणीतरी सांगितलं.

मीही तसंच म्हणायला बघत होते आज, खोटं का बोलू. वळणावर मशीनचा आवाज आला तेव्हा हातातला ट्रे ठेवून मी धावतच वर गेले आणि पैलवानाला फैलावर घेतलं. म्हटलं, कुठल्या गाढवाने सांगितलं तुला हे? मला वाटलं, तुझ्या हाताखालचा कुणी नवशिक्या असेल, कंत्राटदार असेल. तो बिचारा टोपी काढून उभा. म्हणाला, बाई, मी वीस वेळा विचारून घेतलं. साहेब स्वतः परवा गाडीतून उतरले, वळणावर उभे राहिले आणि हाताने दाखवलं, वरपासून पार पुलापर्यंत सगळं साफ पाहिजे, एक काडी दिसता कामा नये. मी म्हटलं, साहेब, हे तर तुम्हीच लावलंय. तर म्हणाले, परत लावू. परत लावू! गवत परत लागेल रे, माझ्या म्हाताऱ्या माद्यांना तू काय लावणार आहेस? आणि वळणापर्यंत आलास, तिथून आमचं छप्पर दिसतं. खाली उतरून आईला तोंड दाखवायलाही तुला फावलं नाही.

आता काम ऐक. वळणापासून पुलापर्यंतचा चर अजून शाबूत आहे, तोच तेवढा वरून येणारी माती धरून आहे. त्याला पातं लागता कामा नये. वर जिथे खरवडलंय तिथे आजच्या आज पेंढा पसर, माणसं लाव. पात्याने सोडलेले वरंबे फोडायला सांग, मोऱ्यांची तोंडं मातीने बुजलीत ती मोकळी कर. चुन्याचे दगड उचल. हे सगळं तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं, मी तुझंच तुला शिकवतेय, एवढी वेळ आणलीस माझ्यावर. मोठ्या साहेबांना काय सांगायचं ते तू बघ. सांग, रस्ता हा असाच असतो. नोकरीवर गदा आली तर माझ्याकडे ये, ट्रे धुवायला माणूस लागतोच.

हे सगळं मी पैलवानाच्या तोंडी निरोप म्हणूनही पाठवलं असतं. लिहायला बसले ते एका गोष्टीसाठी, जी त्याच्यासमोर आणि आईच्या कानावर जाईल अशी मोठ्याने बोलायची नाही. मशीन मी थांबवलं नाही. माझं कोण ऐकतं! मी अजून पैलवानाशी वाद घालत होते, तेवढ्यात आई मागून आली. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात वाटाण्याचं पातेलं. चरात उतरली, मशीनच्या पुढ्यात गवतावर खुर्ची मांडली आणि वाटाणे सोलायला बसली. पैलवानाने इंजिन बंद केलं, साहेबांच्या आईच्या अंगावर पातं कोण घालणार? ती त्याला म्हणाली, हे माझ्या मुलाचं काम आहे, तू बिघडवतोयस. त्याला माहीत नसणार. त्याला कळलं तर तो धावत येईल, जा, बोलावून आण. पैलवान माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवून त्याला गप्प केलं, आणि बाजूला घेऊन बजावलं की हुकूम कुणाचा हे विचारलं तर माहीत नाही म्हणायचं. का केलं मी असं, मला माहीत नाही. तुझ्यासाठी तर नक्कीच नाही. तर तू ये. तिच्यासमोर मशीन परत पाठव आणि म्हण, मला कुणीतरी चुकीचं सांगितलं होतं. ती माझ्याकडे बघून म्हणेल, बघ, मी म्हणाले नव्हते? म्हणू दे. या खेपेलाही मी ऐकून घेईन. फक्त आजच्या आज ये, माणूस पाठवू नकोस, स्वतः ये. थेंब पडायला लागलेत. मघाशी छत्री घेऊन गेले होते तिच्याकडे, घेतली नाही. म्हणाली, कशाला गं, तोवर येईलच तो.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
ताई